इन्सुलिनचा डोस वाढवण्याआधी बाटली, सिरिंज आणि पोट तपासा

प्रश्न: वय ५८. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गेलं दीड वर्ष ३०/७० इन्सुलिन घरी स्वतःच टोचतो, सकाळी १८ युनिट आणि रात्री १० युनिट, बाटली आणि सिरिंजने. खाण्यात फारसा बदल नसतो, तरी उपाशीपोटीची साखर एका दिवशी ९० तर दुसऱ्या दिवशी २५०. बेंबीच्या डावीकडे दोन मऊ उंचवटे आलेत. तिथे दुखत नाही म्हणून तिथेच टोचतो. एक सिरिंज चार-पाच दिवस चालवतो. पुढच्या महिन्यात आठ दिवस परभणीकडे गावी जायचं आहे, तिथे फ्रिज नाही. डॉक्टरांकडून डोस वाढवून घ्यावा का?

उत्तर: इतक्यात नको. साखर रोजच २५० येत असती तर डोस कमी पडतोय असं म्हणता आलं असतं. एक दिवस ९० आणि दुसऱ्या दिवशी २५० याचा अर्थ असा, की सिरिंजवर आकडा तोच दिसत असला तरी रक्तात रोज वेगवेगळं इन्सुलिन पोचतंय. अशा वेळी डोस वाढवला तर २५० चा दिवस कदाचित १९० वर येईल, पण ९० चा दिवस पन्नासच्या खाली जाईल, आणि तोही झोपेत. आधी इन्सुलिन बाटलीतून कातडीखाली पोचेपर्यंत कुठे कुठे गळतंय ते शोधू. तुमच्या प्रश्नातच तीन जागा दिसतायत. चौथी तुम्ही लिहिली नाही, पण तिच्यापासूनच सुरुवात करतो.

बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजचं टोपण

आपल्याकडे ह्यूमन इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिलीच्या असतात. १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची छोटी नळी, मात्र १०० आययू प्रति मिलीचं असतं, ३ मिलीत ३०० युनिट. काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या मिळतात. सिरिंजाही त्याप्रमाणे दोन जातीच्या: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. अमेरिकेत बाटलीतलं इन्सुलिनसुद्धा सहसा १०० चंच असतं, त्यामुळे तिकडून येताना मुलाने प्रेमाने आणलेली सिरिंजांची पाकिटं जवळजवळ नक्की नारिंगी टोपणाची असतात. सुई छान बारीक असते, टोचलेलं कळत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

हिशोब करून बघा. नारिंगी सिरिंजवर १८ ची रेघ म्हणजे ०.१८ मिली. ४० च्या बाटलीतून तेवढं घेतलं तर युनिट होतात फक्त सात. उलट १०० च्या बाटलीतून किंवा कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने १८ च्या रेघेपर्यंत ओढलं तर ते ०.४५ मिली, म्हणजे ४५ युनिट. अडीचपट. पहिल्या चुकीत साखर वाढते, दुसरीत माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून पेन बिघडलं तर कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून इन्सुलिन काढायचं नाही, कितीही नड असली तरी.

लहान गावात केमिस्टकडे इन्सुलिनची सिरिंज संपली की कधी कधी एक मिलीची साधी सिरिंज हातात पडते. तिच्यावर युनिट नसतात, मिलीचे दशांश असतात. ती परत करा.

घरात कुठला घोटाळा होतोय का हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. तुमचा दिवसाचा डोस २८ युनिट. ४०० भागिले २८, म्हणजे बाटली चौदा दिवस आणि वर थोडं चालायला हवी. बुडबुडे काढताना, तळाशी राहिलेलं सोडून देताना थोडं वाया जातं, म्हणून तेरा दिवस धरा. नवी बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. बाटली तीन आठवड्यांच्या पुढे गेली तर एकतर सिरिंज चुकीची आहे किंवा डोस चुकतायत. आठ-नऊ दिवसांत संपली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पेनवर जायचा विचार झाला तर एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. युनिट ते युनिटच. बाटलीचे १८ म्हणजे पेनचेही १८. ४० आणि १०० चं गुणोत्तर लावून डोस बदलायचा नाही. कार्ट्रिजवर १०० बघून पेनवर सात युनिट फिरवणारी माणसं असतात.

पांढरं इन्सुलिन ढवळणं

तुमच्या चढउताराचं सगळ्यात संशयित कारण मला हे वाटतं. ३०/७० मध्ये ३० टक्के लवकर काम करणारं स्वच्छ इन्सुलिन आणि ७० टक्के हळू काम करणारं, दुधट इन्सुलिन असतं. बाटली उभी ठेवली की हा दुधट भाग गाळासारखा तळाशी बसतो आणि वर पाणी दिसतं. तशीच उलटी करून ओढलं तर बुचाजवळचा बहुतेक स्वच्छ भाग सिरिंजमध्ये येतो. जेवणानंतरचे दोन-तीन तास साखर बरी, आणि पहाटे वाढलेली. बाटली अर्ध्याखाली गेली की उरलेल्यात दुधट भाग जास्त, म्हणजे आता त्याच १० युनिटांत मध्यरात्री जोर करणारं इन्सुलिन अधिक. तुमची वही काढा आणि २५० चे दिवस बाटलीच्या पहिल्या आठवड्यात आणि ९० चे दुसऱ्या आठवड्यात पडतायत का ते बघा. तसं असेल तर गुन्हेगार सापडला.

ढवळायची रीत अशी: बाटली दोन तळव्यांमध्ये आडवी धरून, वात वळतात तशी, दहा वेळा फिरवा. मग दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा. सगळं एकसारखं दुधासारखं पांढरं दिसलं पाहिजे, तळाशी पांढरा थर नको. पातळ औषधाच्या बाटलीसारखी खळाखळा हलवायची नाही. फेस होतो, बुडबुडे सिरिंजमध्ये शिरतात आणि तेवढा डोस कमी भरतो. फ्रिजमधून काढलेली गार बाटली नीट मिसळत नाही आणि टोचताना झोंबतेही, म्हणून वापरातली बाटली टोचण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. पेनचं कार्ट्रिजही असंच. आत काचेचा छोटा मणी असतो, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला पाहिजे. कार्ट्रिजमध्ये १२ युनिटांपेक्षा कमी उरलं की मण्याला पळायला जागा नसते. तेव्हा नवं कार्ट्रिज लावायचं.

ढवळूनही गुठळ्या तरंगत राहिल्या, काचेवर दहिवर पडल्यासारखे कण चिकटून राहिले, तर ती बाटली गेली. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन, म्हणजे जेवणाआधीचं रेग्युलर किंवा दिवसातून एकदाचं ग्लार्जिन, याच्या उलट: ते गढूळ दिसलं की टाकायचं. ते ढवळायचीही गरज नसते.

ओढायची आणि टोचायची रीत

साबणाने हात धुवा, पुसा. ढवळलेल्या बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसून कोरडं होऊ द्या. सिरिंजमध्ये आधी १८ च्या रेघेपर्यंत हवा ओढा, बाटली उभी असताना सुई बुचातून आत घालून ती हवा सोडा. ही पायरी बरेच जण गाळतात. हवा न घालता रोज इन्सुलिन काढत गेलं की बाटलीत पोकळी तयार होते, दट्ट्या मागे खेचला जातो, बुडबुडे येतात आणि आकडा स्थिर धरता येत नाही. हवा सोडल्यावर बाटली उलटी करा, सुईचं टोक इन्सुलिनमध्ये बुडालेलं राहील असं बघा, दट्ट्या २० पर्यंत ओढा. टिचकी मारून बुडबुडे वर आणा आणि जास्तीचं परत बाटलीत ढकलून १८ वर या. रेघ वाचायची ती दट्ट्याच्या काळ्या रबराच्या सुईकडच्या कडेवर. मागच्या कडेवर वाचली तर रोज काही युनिटांचा फरक पडतो, तोही कायमचा एकाच बाजूला. छोटा बुडबुडा कातडीखाली गेला तर धोका काही नाही. धोका इतकाच की त्याने अडवलेल्या जागेतलं इन्सुलिन तुम्हाला मिळत नाही.

चाळिशीनंतर बारीक रेघा दिसत नसतील तर खिडकीपाशी बसा, चष्मा लावा. मधुमेहाने नजर अधू झालेल्यांनी सिरिंजचा हट्ट धरू नये. पेनची टिकटिक मोजता येते, आकडाही मोठा असतो.

आता टोचणं. आपल्या कातडीची जाडी सरासरी दोन-अडीच मिलिमीटर असते, माणूस जाडा असो की बारीक. फरक असतो तो तिच्याखालच्या चरबीच्या थरात. इन्सुलिन त्या थरात पडायला हवं. खाली स्नायूत गेलं तर ते भराभर रक्तात उतरतं, साखर अचानक पडते. म्हणून सुईची लांबी महत्त्वाची. पेनची ४ मिलिमीटरची सुई बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना पुरते, सरळ नव्वद अंशात, चिमूट न घेताही. सिरिंजची सुई सहसा ६ किंवा ८ मिलिमीटरची असते, त्यामुळे सिरिंजने टोचताना चिमूट घ्यायचीच. अंगठा आणि तर्जनी, फार तर मधलं बोट. कणकेचा गोळा उचलावा तसा पूर्ण पंजा लावला तर चरबीबरोबर स्नायूही वर येतो. चिमूट इतकी घट्टही नको की कातडी पांढरी पडेल. सुई ८ मिलिमीटरची असेल आणि पोट सपाट असेल तर तिरकी, पंचेचाळीस अंशात घाला. केमिस्टकडे ६ ची मिळत असेल तर तीच मागा.

सुई एका दमात आत घाला. भीत भीत, थांबत थांबत घातली की जास्त दुखते. दट्ट्या सावकाश पूर्ण दाबा, पाच-सहा आकडे मोजा, सुई काढा, आणि मग चिमूट सोडा. पेन असेल तर बटण दाबून धरूनच दहा मोजायचे. पेनच्या बारीक सुईतून इन्सुलिन उतरायला वेळ लागतो, घाई केली तर शेवटचे थेंब कातडीवर येतात. पेनवर दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून थेंब येतोय ना बघायचं, हेही इथेच सांगतो. टोचल्या जागी रक्ताचा थेंब आला तर कापसाने दाबून धरा. चोळू नका. इन्सुलिन बाहेर आलंय असं वाटलं तरी अंदाजाने पुन्हा टोचू नका. वहीत नोंदवा आणि पुढची साखर बघा.

स्पिरिटने कातडी पुसायचं बंधन नाही. रोज आंघोळ करणाऱ्याची स्वच्छ कातडी पुरे. पुसलीच तर वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आग होते आणि दोष सुईला मिळतो. कपड्यावरून टोचू नका. चिमूट नीट येत नाही आणि कातडीही दिसत नाही.

त्या दोन गाठी

बेंबीच्या डावीकडचे उंचवटे म्हणजे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा इन्सुलिन टोचल्याने फुगलेली चरबी. इन्सुलिन चरबी वाढवतं, तेच त्याच्या कामांपैकी एक. तिथे कळ कमी लागते, म्हणून हात आपोआप तिथेच जातो, आणि गाठ आणखी वाढते. पण गाठीतून इन्सुलिन रक्तात कसं जाईल याचा काही नेम नाही. कधी निम्मं अडकून बसतं, कधी उशिरा सुटतं. आज ९० आणि उद्या २५० यामागे ढवळण्याइतकाच हाही धागा आहे.

दिसणाऱ्या दोन असल्या तरी हाताला आणखी सापडतील. आंघोळीच्या वेळी अंगाला साबण लावलेला असताना बोटांच्या टोकांनी पोट, मांड्या, दंड हळूहळू चाचपा. चांगली जागा मऊ आणि सैल लागते, चिमूट पातळ येते. गाठीची जागा जाडसर रबरासारखी लागते आणि चिमटीत दोन्ही बाजू जवळ येत नाहीत. सापडलेल्या प्रत्येक गाठीभोवती बॉलपेनने रेघ काढा आणि मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. डॉक्टरांना दाखवायलाही बरं.

त्या जागा आता बंद. गाठ पूर्ण विरायला महिने लागतात, मध्ये एकदाही तिथे टोचायचं नाही. पण थांबा, उद्याच जागा बदलू नका. दीड वर्ष तुमचा डोस गाठीत वाया जाणारं इन्सुलिन धरून ठरत आला आहे. तेच १८ युनिट उद्या चांगल्या कातडीत गेले तर सगळेच्या सगळे रक्तात उतरतील आणि साखर एकदम खाली येईल. आधी डॉक्टरांना फोन करा, ‘गाठीत टोचत होतो, आता जागा बदलतोय’ एवढं सांगा. बऱ्याचदा ते सुरुवातीला डोस कमी करतात. किती कमी, हे त्यांनी तुमच्या साखरा बघून ठरवायचं. जागा बदलल्यानंतर पहिले दोन आठवडे उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी आणि झोपताना, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत पहाटे तीनलाही एकदा साखर तपासा. डोस वाढवायला निघालेल्या माणसाला कमी करायला सांगावं लागतं, हे या कामात नेहमीचं आहे.

नवी जागा कुठली? पोटावर बेंबीभोवती दोन बोटं सोडून, खाली-वर-आजूबाजूला. मांडीचा वरचा तिसरा भाग, पुढून आणि बाहेरून. कुल्ल्याचा वरचा, बाहेरचा चौथा भाग. दंडाची मागची बाजू चांगली आहे, पण स्वतःला एका हाताने चिमूट घेऊन तिथे टोचता येत नाही. सिरिंजवाल्याने दंड घरच्या माणसासाठी ठेवावा. ह्यूमन इन्सुलिन पोटातून सर्वांत लवकर शोषलं जातं, मांडी आणि कुल्ल्यातून हळू. म्हणून आज सकाळी पोट, उद्या सकाळी मांडी असं करू नका. सकाळचा डोस नेहमी पोटावर, रात्रीचा नेहमी मांडीवर, अशी वाटणी करून घ्या. रात्री तुम्हाला हळू काम करणारं इन्सुलिनच जास्त उपयोगी आहे.

मग आतल्या आत फिरायचं. पोटाचे बेंबीतून दोन रेघा ओढून चार भाग करा, आठवड्याला एक. त्या भागात दर टोचण्यामध्ये बोटभर अंतर. मांडीचे उजवी-डावी दोन. कॅलेंडरवर ‘डावं-वर, डावं-खाली’ असं लिहिलं की विसरत नाही. एकदा टोचलेल्या बिंदूवर महिनाभर परत यायचं नाही.

सुई किती वेळा

नियमाने एकदाच. सिरिंजच्या पाकिटावरही तेच छापलेलं असतं. एकदा वापरलेल्या सुईचं टोक भिंगाखाली बघितलं तर गळासारखं वाकलेलं दिसतं. वरचा घसरणारा लेप निघून जातो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोचलेलं कळायला लागतं. बोथट सुई दर वेळी जरा जास्त जखम करते, आणि गाठी होण्याचं हेही एक कारण. आत वाळलेलं इन्सुलिन सुईचं तोंड बंद करतं, मग दट्ट्या जड जातो किंवा डोस कमी जातो. पेनवर सुई लावून ठेवली तर गारव्याला हवा कार्ट्रिजमध्ये शिरते, उकाड्यात इन्सुलिन टपकतं.

खर्च मला माहीत आहे. दिवसाला दोन म्हणजे महिन्याला साठ सिरिंजा. पण वाचवायचंच असेल तर दुसरीकडे वाचवा. चार-पाच दिवस हे फार झालं. पुन्हा वापरायची म्हणून सुई उकळू नका आणि स्पिरिटनेही पुसू नका. दोन्हीने लेप जातो आणि उकळल्याने सिरिंजचं प्लास्टिक वाकतं. घरात दोघं इन्सुलिनवर असतील तर एकमेकांची सिरिंज किंवा पेन वापरणं अजिबात नाही, सुई बदलली तरीही. पेनमध्ये उलटं रक्त शिरतं.

वेळ, उपास आणि साखर पडणं

ह्यूमन ३०/७० जेवणाआधी अर्धा तास. डबा संपवून मग आठवण झाली म्हणून टोचलं तर जेवणाची साखर वर चढते आणि इन्सुलिन मागून येऊन पुढच्या जेवणाआधी खाली ओढतं. अ‍ॅनालॉग जातीची, म्हणजे ह्यूमन इन्सुलिनमध्ये फेरबदल करून बनवलेली, मिश्रणं जेवायच्या अगदी तोंडावर टोचायची असतात. तुमची कुठली हे खोक्यावर बघा. टोचलं की नाही आठवत नसेल तर टोचलं असं धरा. दुसऱ्यांदा टोचण्यापेक्षा एक दिवस साखर जास्त राहिलेली परवडते. म्हणूनच टोचून झाल्या झाल्या वहीत टिक.

एकादशीचा उपास असेल किंवा संकष्टी चतुर्थीला रात्रीचं जेवण चंद्रोदयापर्यंत लांबणार असेल तर डोस आणि वेळ आधीच विचारून ठेवा. उपास म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणंही चूक आणि रोजचाच डोस टोचून उपाशी राहणंही चूक. साबुदाण्याची खिचडी भरपूर झाली तर साखर उलट वाढते, हे वेगळंच. ताप, जुलाब असताना इन्सुलिन स्वतःच्या मनाने थांबवू नका. त्या दिवशी दर चार तासांनी साखर बघा आणि डॉक्टरांना कळवा.

साखर ७० च्या खाली गेली किंवा हात थरथरले, घाम फुटला, छातीत धडधडलं, तर १५ ग्रॅम ग्लुकोज: चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर, पाण्यात घालून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. मग जेवण जवळ नसेल तर थोडं काही खाऊन घ्या. पेढा, चॉकलेट, दूध यांनी घाई भागत नाही, त्यातलं स्निग्ध साखरेला रोखून धरतं. आणि एक खास गोष्ट: तुमच्या गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर आणि गूळ लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारं आतड्यातलं काम याच गोळ्या अडवतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. पाकीट उशाशी, स्कूटरच्या डिकीत आणि खिशात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

साखर तपासताना हात धुवा. आंबा कापलेल्या बोटाचा थेंब २५० सहज दाखवतो. ती २५० खरी धरून कोणी डोस वाढवू नये.

गावी, फ्रिज नसताना

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणात नाही, मागच्या थंड भिंतीला टेकवूनही नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळून चांगलं दिसलं तरी फुकट गेलेलं असतं. उघडलेली बाटली ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. तुमची दोन आठवड्यांत संपते, म्हणजे प्रश्न मुदतीचा नाही, उन्हाचा आहे.

परभणीला उन्हाळ्यात घरातच ३० च्या वर असतं. तिथे माठ उपयोगी. मोठ्या माठात किंवा कुंडीत ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात बरणीत बंद केलेली बाटली, वर ओलं फडकं. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, माठ सावलीत पण वारं लागेल असा ठेवायचा. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात हवा कोरडी असते, त्यामुळे हे छान गार होतं. कोकणात पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, पाणी उडतच नाही. मडक्यात साधा थर्मामीटर टाकून एकदा दुपारी तीनला बघा. बाटली थेट पाण्यात बुडवू नका, लेबल निघतं आणि बुचाभोवती घाण साचते.

एसटीत बाटली हातातल्या पिशवीत, रुमालात गुंडाळून. खिडकीच्या उन्हाची बाजू, गाडीचा डॅशबोर्ड, मोटारसायकलची डिकी टाळा. बर्फाची पिशवी नेली तर मध्ये टॉवेल हवा. आठ दिवसांना २२४ युनिट लागतील, एक बाटली पुरते, तरी दोन न्या आणि त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या. विमानाने जाताना इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, खाली सामानात दिलं तर गोठण्याची भीती.

वापरलेल्या सुया

पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई आरपार जाते. फिनेल किंवा कपड्यांच्या लिक्विडची जाड, झाकणाची बाटली घ्या, वर ‘सुया’ असं मोठं लिहा, लहान मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा. सिरिंज टोपण न लावता सुईकडून थेट आत टाका. टोपण परत लावतानाच सुई बोटात शिरते. बाटली पाऊण भरली की झाकण फिरवून चिकटपट्टी लावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरच्या सुया-सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ओल्यात किंवा सुक्यात टाकल्या तर त्या कचरा वेगळा करणाऱ्याच्या तळहातात जातात. तुमच्या डॉक्टरांकडे किंवा रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये वैद्यकीय कचऱ्याची गाडी येते. ते घेतात का विचारा, बरेच जण घेतात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा वहीबरोबर चालू बाटली, एक न वापरलेली सिरिंज आणि ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट घेऊन जा. त्यांच्यासमोर, नेहमी घरी करता तसंच, ढवळण्यापासून दट्ट्या १८ वर आणण्यापर्यंत सगळं करून दाखवा आणि मग शर्ट वर करा.